एअर नाउरू: २१ चौरस किलोमीटरच्या देशाची एअरलाइन कशी उभी राहिली आणि कशी बसली

दूरगामी (धागाकर्ता)

बरेच दिवस पॅसिफिकमधल्या एअरलाइन्सबद्दल मिळेल ते वाचतोय आणि त्यात एअर नाउरू काही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. इथे एव्हिएशनमधली आणि ऑस्ट्रेलियातली बरीच मंडळी आहेत, त्यांनी भर घालावी.

आधी देश कुठे आहे ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. विषुववृत्ताच्या जेमतेम पंचावन्न-साठ किलोमीटर खाली, पॅसिफिकमध्ये एकच बेट, २१ चौरस किलोमीटर. म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कचा साधारण पाचवा हिस्सा. सगळ्यात जवळचं बेट बनाबा, तेसुद्धा तीनशे किलोमीटर पूर्वेला. बेटाभोवती रीफ (प्रवाळाचा खडक) आणि रीफ संपली की समुद्र एकदम खोल, त्यामुळे धड बंदर नाही. जहाज लांब उभं राहणार आणि माणसं, पिठाची पोती, औषधं, सगळं छोट्या बोटींतून किनाऱ्यावर यायचं. फॉस्फेट भरायला मात्र अवाढव्य लोखंडी कँटिलिव्हर (समुद्रावर पुढे झुकलेले सांगाडे) उभारलेले, त्यातून माल थेट जहाजाच्या पोटात. खनिज बाहेर न्यायची सोय आधी झाली आणि माणसांची किती तरी वर्षांनी, हे लक्षात ठेवा.

फॉस्फेटचा शोध १९०० च्या आसपास लागला, खोदकाम १९०७ च्या सुमारास सुरू झालं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या तिघांनी मिळून ते चालवलं आणि आपापल्या शेतकऱ्यांना स्वस्तात खत मिळावं म्हणून फॉस्फेट बाजारभावापेक्षा कमी दरात उचललं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी बेट घेतलं, बाराशे नाउरूवासीयांना ट्रुक या दूरच्या बेटांवर हलवलं, आणि सक्तीच्या मजुरीवर एक धावपट्टी बांधली. आजचा विमानतळ त्याच जागेवर आहे.

३१ जानेवारी १९६८ ला देश स्वतंत्र झाला, पहिले प्रेसिडेंट हॅमर डीरोबर्ट. १९७० मध्ये फॉस्फेटचा धंदा देशाच्या हातात आला आणि थोड्याच वर्षांत जागतिक भाव कितीतरी पटींनी चढले. सगळी मिळून सहा-सात हजार माणसं, टॅक्स नाही, दवाखाना फुकट, शिक्षण फुकट, मुलांना ऑस्ट्रेलियात शिकायला पाठवायचा खर्च सरकारचा. सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात नाउरू जगातल्या पहिल्या काही देशांत गणला जायचा.

एअर नाउरू सुरू झाली १९७० च्या फेब्रुवारीत, एका छोट्या फाल्कन जेटवर, ऑस्ट्रेलियाला जोडायला. १९७२ ला फोकर एफ-२८ आलं, मग बोइंग ७३७, मग ७२७. दहा वर्षांत नकाशा असा झाला की मेलबर्न, ऑकलंड, फिजी, सामोआ, तारावा, माजुरो, होनिआरा, नुमेआ, ग्वाम, मनिला, हाँगकाँग, तैपेई, ओकिनावा, कागोशिमा, होनोलुलू. पुन्हा वाचा ही यादी. पुण्यातल्या एखाद्या वॉर्डाहून कमी लोकसंख्येच्या देशाची विमानं जपानला पण जात होती आणि हवाईला पण. सगळ्या विमानांतल्या सीटा एकत्र मोजल्या तर देशाचा जवळजवळ दहावा हिस्सा एका वेळी हवेत बसेल, असं तेव्हा म्हटलं जायचं.

यावर हसणारे लेख भरपूर आहेत, मला ते पटत नाहीत. त्या काळात पॅसिफिकमध्ये उत्तर-दक्षिण जाणारी विमानं जवळजवळ नव्हतीच. तारावाहून ग्वामला किंवा होनिआराहून माजुरोला जायचं तर अर्धा पॅसिफिक फिरून यावं लागायचं, कारण जुने मार्ग ज्याच्या त्याच्या मालक देशाकडे जाणारे. एअर नाउरूनं पहिल्यांदा बेटं एकमेकांना जोडली. शेजारच्या किरिबातीसाठी तर तीच बाहेरची वाट होती. आणि स्वतः नाउरूला बंदर नाही म्हटल्यावर विमान ही चैन नव्हती. चूक विमान घेण्यात झाली नाही, किती घ्यायची आणि कशाच्या हिशेबानं घ्यायची, तिथे झाली असं माझं मत आहे. पुढचं प्रतिसादांत लिहितो, आत्ताच खूप लांबलंय.

---

चिंगी_कोथरूड

मस्त धागा! कागोशिमा का पण? तिथे नाउरूचं काय काम?

---

रोखठोक

माहिती चांगली आहे पण निष्कर्ष पटला नाही. सात हजार लोकांना ७२७ कशाला लागतं? सरकारी पैसा आहे, विचारणारं कोणी नाही, आणि पुढाऱ्यांना फिरायला विमान पाहिजे. शेजाऱ्यांना जोडलं वगैरे ठीक आहे, पण शेजाऱ्यांच्या तिकिटाचं अर्धं बिल नाउरूच्या पोरांच्या भविष्यातून भरलं ना?

---

विमानदुरुस्त

मी एमआरओमध्ये (विमानांच्या देखभाल-दुरुस्तीच्या कंपनीत) बरीच वर्षं काढलीत, ७३७ क्लासिकवरच (बोइंग ७३७ ची जुनी पिढी) हात काळे केलेत त्यामुळे खर्चाच्या बाजूनं थोडं लिहितो.

विमानात वीस माणसं बसलेली असोत की शंभर, त्या फ्लाइटचा खर्च जवळपास तोच. थोडं इंधन कमी लागेल, जेवणाचे ट्रे वाचतील, बाकी पायलट तोच, लँडिंग तेच, इंजिनाचा सायकल (एक उड्डाण-उतरण) तोच मोजला जाणार. ७२७ ला तर तीन इंजिनं आणि कॉकपिटमध्ये तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनिअर. त्यामुळे विमान बहुतेक वेळा तीन चतुर्थांश रिकामं जात असेल, आणि एअर नाउरूचं साधारण तसंच होतं, तर तिकिटाच्या पैशांत इंधनसुद्धा धड निघणार नाही.

दुसरं म्हणजे एकट्या बेटावर उतरायचं ही वेगळी भानगड आहे. मुंबईला पाऊस असला तर अहमदाबादला जा, गोव्याला जा. नाउरूला एकच रनवे, तो बंद झाला तर सगळ्यात जवळचा कामाचा पर्याय तारावा, सातशे किलोमीटर. म्हणून अशा ठिकाणी जाताना जादा इंधन घ्यावं लागतं, म्हणजे वर घिरट्या घालत थांबता येईल इतकं. शिवाय बेटावर इंधन महाग आणि कधी असतं कधी नसतं, म्हणून परतीचंही शक्य तेवढं सोबत न्यायचं. टाकी भरली की वजन वाढलं, वजन वाढलं की माल आणि माणसं कमी. आधीच कमी गिऱ्हाईक आणि त्यात हे.

तिसरं, खारा वारा. समुद्रापासून रनवे शे-दोनशे मीटरवर, विमान रात्रभर उघड्यावर. अशा विमानाचं पॅनेल उघडलं ना की कळतं, रिव्हेटभोवती पांढरी पावडर जमलेली असते, बोटानं घासली की खाली अॅल्युमिनिअम खाल्लेलं दिसतं. मग तेवढा पत्रा कापा, डबलर (वरून जोडपत्रा) मारा, कागद करा. चेकला चार दिवस जास्त. आणि एखादा पार्ट बेटावर फेल झाला तर तो ऑस्ट्रेलियाहून येणार, पण कशात बसून येणार? त्याच एअरलाइनच्या दुसऱ्या विमानात. म्हणजे दुसरं विमान पाहिजेच. रोखठोक, हे उत्तर पूर्ण नाही पण "एक विमान बस होतं" असं म्हणणाऱ्यांनी हे पण बघावं.

---

दूरगामी (धागाकर्ता)

@विमानदुरुस्त, अगदी हेच पाहिजे होतं, धन्यवाद. आयलंड रिझर्व्हबद्दल (तेच एकट्या बेटासाठीचं जादा इंधन) वाचलं होतं पण गंजाचं असं कुणी सांगितलं नव्हतं.

@चिंगी_कोथरूड, नाउरूला त्या काळी जपानशी थेट जोडायचं होतं आणि कागोशिमा हे जपानच्या मुख्य बेटांच्या दक्षिण टोकाचं शहर, तिथून आत जाता येतं. टोकियोला जायचे हक्क मिळवणं आणि कागोशिमाला उतरणं यात फार फरक होता. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत मार्ग म्हणजे दोन सरकारांमधला करार, नुसतं विमान असून भागत नाही. नाउरू स्वतंत्र देश असल्यामुळे असे करार करू शकत होता आणि त्यांनी ते धडाधड केले. मला तर वाटतं एअरलाइनचा मोठा भाग हाच होता, नव्या देशाला परराष्ट्र खातं उभं करायला लागतं तसं यांनी विमान उभं केलं.

@रोखठोक, पुढाऱ्यांचा मुद्दा बरोबर आहे, तो लपवायचा नाही. प्रेसिडेंटला कुठे जायचं झालं की शेड्यूलमधलं विमान काढून घेतलं जायचं आणि तिकीट काढलेले लोक अडकून पडायचे, हे त्या काळात सगळ्या पॅसिफिकमध्ये माहीत होतं. ज्या एअरलाइनचं वेळापत्रक वरच्या फोनवर बदलतं तिच्यावर धंदेवाईक प्रवासी विसंबत नाही, आणि तोच प्रवासी पूर्ण भाडं देणारा असतो.

---

मेधा_मेलबर्न

इथल्या कॉलिन्स स्ट्रीटवर ८० नंबरला बावन्न मजली टॉवर आहे, तो नाउरू हाउस. १९७७ ला पूर्ण झाला तेव्हा मेलबर्नमधली सगळ्यात उंच इमारत होती. मी जवळच्याच ऑफिसात काम करायचे, रोज समोरून जाताना कधी डोक्यात आलं नाही की हे एका देशाचं पेन्शन आहे. फॉस्फेट संपल्यावर पोराबाळांना पुरावं म्हणून ट्रस्ट केला होता, त्यातून ह्या इमारती, हॉटेलं घेतली. फिजीत सुवाचं ग्रँड पॅसिफिक हॉटेल घेतलं होतं आणि ते वर्षानुवर्षं पडीक राहिलं, आम्ही फिजीला गेलो तेव्हा ते बंदच दिसलं. १९९३ ला तर लंडनमध्ये एका संगीत नाटकात पैसे घातले, तेही बुडाले.

मला ह्यात राग सल्लागारांचा येतो. छोट्या देशात पैसा आहे म्हटल्यावर बाहेरून सूट घातलेली किती माणसं आली असतील आणि काय काय गळ्यात मारून गेली असतील.

---

रानवारा_सांगली

फॉस्फेटवरून लिहितो. आम्ही शेतात सिंगल सुपर फॉस्फेट टाकतो, त्याचा रॉक फॉस्फेट आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याला निघतो आणि बाकी जॉर्डन, मोरोक्को, इजिप्तकडून येतो. नाउरूचा माल म्हणजे त्यात फॉस्फरस भरपूर, उच्च दर्जाचा, म्हणूनच ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडच्या कुरणांना तो लागला. तिथली माती मुळात फॉस्फरसला दुबळी. तिथलं दूध, लोकर, गहू यात ह्या बेटाची माती गेलीय असं म्हणायला हरकत नाही. बेटाचा मधला भाग आज कसा दिसतो त्याचे फोटो बघा, नुसते चुनखडीचे सुळके उरलेत, त्यावर काही पिकत नाही. देशाच्या ऐंशी टक्के जमिनीचं असं झालंय.

आमच्यात म्हणतात बियाणं खाऊन टाकलं की पुढच्या हंगामाला हात चोळत बसायचं. पण इथे बियाणं दुसऱ्यांनीच साठ वर्षं खाल्लं आणि उरलेल्याचा दोष यांच्यावर आला.

---

उजळाईवाडी

वायुदूत कुणाला आठवतं का? तीही छोटी सरकारी एअरलाइन, १९८१ च्या जानेवारीत इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडियानं मिळून काढलेली. मूळ हेतू ईशान्य भारत जोडायचा, चांगला हेतू. पण मग प्रत्येक खासदाराला आपल्या गावात वायुदूत पाहिजे झालं, आणि ऐंशीच्या दशकाअखेर स्टेशनं शंभराच्या घरात गेली, विमानं मात्र मोजकीच, डॉर्निअर, अॅव्रो, फोकर. आमच्या कोल्हापूरला लहानपणी डॉर्निअर बघायला सायकलीवरून जायचो, एकोणीस सीटांचं, कानठळ्या बसायच्या पण आम्हाला तेच जंबो. १९८९ ला इंदापूरजवळ उजनीच्या पाण्यात जे डॉर्निअर कोसळलं तेही वायुदूतचंच. १९९३ ला इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन केली आणि संपलं. नंतर कोल्हापूरचा विमानतळ किती वर्षं ओस होता ते आम्हाला विचारा.

धागा भरकटवत नाही, पण मला दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते: मार्ग लोकांसाठी तोट्यात चालवायचा असेल तर चालवा, पण तो तोटा कुठल्या तरी वहीत नाव घालून लिहा, या मार्गाला सरकार इतके देणार असं. दोघांनीही ते केलं नाही, सगळा तोटा एअरलाइनच्या पोटात ढकलला.

---

चिंगी_कोथरूड

+१ उजळाईवाडी. उडान स्कीममध्ये आता तेच करतात ना, मार्गावर ठराविक सीटांचे पैसे सरकार देतं?

---

उजळाईवाडी

हो, व्हायेबिलिटी गॅप फंडिंग, म्हणजे मार्गाची तूट सरकारनं भरून द्यायची, तीन वर्षांसाठी. ती तीन वर्षं संपली की बरेच मार्ग बंदही पडतात, पण किमान किती दिले ते कळतं तरी.

---

दूरगामी (धागाकर्ता)

उतरणीचा भाग लिहितो आता.

ऐंशीच्या दशकात फॉस्फेट अजून निघत होतं पण कमी कमी, भावही सत्तरसारखे नव्हते, आणि एअरलाइन दरवर्षी मोठा तोटा करत होती. उजळाईवाडींनी वर वहीचा जो मुद्दा काढला तो इथे तंतोतंत बसतो. एअर नाउरू बरीच वर्षं वेगळी कंपनी नव्हतीच, सरकारचं एक खातं होतं. तोटा झाला की फॉस्फेटच्या पैशांतून भरला, विषय संपला. कुठला मार्ग देशाची गरज, कुठला मैत्रीखातर, कुठला नुसता मान म्हणून, हे वेगळं काढून दाखवायची कोणाला गरजच पडली नाही. मग पैसा आटायला लागला तेव्हा काय कापायचं तेही कळेना.

पहिला मोठा धक्का १९८८ ला. पायलट बहुतेक बाहेरचे, त्यांचा सरकारशी वाद होऊन संप झाला, आणि त्याच सुमारास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं सुरक्षिततेच्या मुद्द्यावर परवानग्या काढून घेतल्या. काही महिने एअर नाउरूची विमानं जमिनीवर. नंतर पुन्हा सुरू झाली पण तो जुना नकाशा परत आला नाही. एकेक विमान विकलं गेलं, ७२७ गेली, लांबचे मार्ग गेले. १९९६ ला तिची स्वतंत्र कॉर्पोरेशन केली आणि देखरेख ऑस्ट्रेलियाच्या सिव्हिल एव्हिएशन खात्याकडे आली, विमानावर नोंदणीसुद्धा ऑस्ट्रेलियाची. म्हणजे कागदोपत्री शिस्त आली तेव्हा तिजोरीत काही उरलं नव्हतं, हे मला फार लागतं.

शेवटी एकच विमान राहिलं, बोइंग ७३७-४००, नोंदणी व्हीएच-आरओएन. ते अमेरिकेच्या एक्झिम बँकेच्या (निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक) पाठबळावर कर्जानं घेतलेलं. इकडे देशाचंच दिवाळं निघत होतं, बँक ऑफ नाउरूमध्ये लोकांचे पैसे अडकले, २००४ ला जीई कॅपिटलच्या थकीत कर्जापायी ट्रस्टच्या ऑस्ट्रेलियातल्या मालमत्तांवर रिसीव्हर (वसुलीसाठी ताबा घेणारे) बसले आणि मेधाताईंनी लिहिलेलं ते नाउरू हाउस विकलं गेलं. विमानाचे हप्ते थकले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि डिसेंबर २००५ मध्ये मेलबर्नलाच व्हीएच-आरओएन जप्त झालं.

यातली गंमत नाही तर भीती बघा. दहा हजार लोकांचा देश, बंदर नाही, आणि एका कोर्टाच्या आदेशानं बाहेर जायचा रस्ता बंद. डायलिसिसचा पेशंट, बाळंतपणात अडकलेली बाई, परीक्षेला निघालेली पोरं, सगळी तिथेच. कुणाकुणाकडून चार्टर आणून दिवस काढले.

---

विमानदुरुस्त

जप्तीचं आपल्याला २०१९ ला दिसलंच. जेट एअरवेजचं बोइंग ७७७ अॅमस्टरडॅमला एका कार्गो एजंटनं थकबाकीसाठी अडकवलं होतं, १० एप्रिलला, आणि १७ एप्रिलच्या रात्री शेवटची फ्लाइट. अंधेरी-मरोळ भागात किती घरं त्या पगारावर चालायची, आमच्याच बिल्डिंगमध्ये दोघं होते.

फरक इतकाच की जेट बंद झाली तेव्हा मुंबईहून दुसरं विमान होतं, महाग का असेना.

---

रोखठोक

हे वाचून थोडं मागे सरकतो. विमान लागतंच, मान्य. पण ७२७ आणि कागोशिमा मला अजून पटत नाही, आणि धागाकर्त्यांनी सुद्धा वर "किती घ्यायची" हीच चूक म्हटली आहे, मग आपण फार लांब नाही. माझा प्रश्न असा, की ८०-८१ मध्येच कुणी दोन ७३७ वर आणलं असतं तर वाचली असती का?

---

दूरगामी (धागाकर्ता)

माझ्या मते वाचली असती, निदान २००५ आलं नसतं. दोन ७३७, चार-पाच मार्ग, आणि किरिबाती, मार्शल आयलंड्स, सोलोमन्स यांच्याकडून त्यांच्या त्यांच्या मार्गाचा वाटा मागायचा. शेजाऱ्यांना फुकट सेवा दिली म्हणून कोणी आभार मानले नाहीत, उलट पैसा संपल्यावर सगळे आपापल्या एअरलाइन काढायला लागले. वाटा मागितला असता तर त्यांनाही बोलायचा हक्क मिळाला असता आणि प्रेसिडेंटच्या फोनवर विमान वळवणं अवघड झालं असतं. तेव्हा हे सांगणारा माणूस ऐकला गेला नसता, कारण फॉस्फेटचा चेक येत होता.

---

ओवी_ऑकलंड

आजच हा धागा दिसला आणि लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझा नवरा काही काळ किरिबातीत एका प्रोजेक्टवर होता, तारावाला, तेव्हा मी ब्रिस्बेनहून होनिआरा आणि नाउरू करत त्याच्याकडे गेले होते. तेव्हा एअरलाइनचं नाव अवर एअरलाइन होतं.

चेक-इनच्या रांगेत सूटकेस कमी आणि एस्की जास्त. एस्की म्हणजे इथे तो पिकनिकचा थंड डबा म्हणतात तो. माझ्या पुढच्या बाईनं तिचा डबा टेपनं गच्च गुंडाळला होता, वजन जास्त झालं म्हणून काउंटरवरच उघडला, तर आत कोबी, गाजरं, सफरचंदं आणि मधोमध फ्रोझन चिकन. तिनं चिकन ठेवलं नि दोन कोबी काढून सोबतच्या मुलाच्या बॅगेत कोंबले. बेटावर ताजी भाजी मिळणं किती अवघड ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं.

नाउरूला उतरताना उजवीकडे समुद्र आणि डावीकडे लगेच घरं, आणि रस्त्यावर मोटारसायकली थांबलेल्या, कारण बेटाभोवतीचा रस्ता रनवेच्या टोकाला लागूनच जातो, विमान आलं की वाहतूक अडवतात. पोरं गाड्यांवर उभी राहून हात करत होती. ट्रान्झिटमध्ये एका आजोबांशी बोलणं झालं, ते म्हणाले तरुणपणी ते शुक्रवारी मेलबर्नला जाऊन सोमवारी परत यायचे. त्यांच्या बोलण्यात पश्चात्ताप बिश्चात्ताप काही नव्हता, अभिमान होता. आमची विमानं, आमचे पैसे, असं दोनदा म्हणाले. मला ते बरं वाटलं खरं सांगायचं तर, कारण बाहेरचे लोक या देशाबद्दल नेहमी कीव नाहीतर हसू एवढंच घेऊन बोलतात.

---

मेधा_मेलबर्न

ओवी, किती छान लिहिलंस! अवर एअरलाइनला पैसे कुणी दिले मग? जप्तीनंतर इतक्या लवकर विमान कसं आलं?

---

दूरगामी (धागाकर्ता)

ओवी, हा प्रतिसाद मूळ लेखाच्या वर लावावा असा आहे.

@मेधा, तैवाननं. त्याचं राजकारण असं की नाउरूनं १९८० ला तैवानला मान्यता दिली होती, २००२ मध्ये चीनकडे गेले, २००५ च्या मे महिन्यात परत तैवानकडे आले. त्यानंतर काही महिन्यांनी विमान जप्त झालं आणि तैवाननं दुसरं ७३७-३०० घ्यायला मदत केली. २००६ च्या अखेरीस त्यावर अवर एअरलाइन सुरू झाली. त्या विमानाची नोंदणी व्हीएच-आयएनयू, आयएनयू हा नाउरूच्या विमानतळाचा कोड. नाव "आमची" ठेवलं कारण आता ती शेजाऱ्यांनी मिळून चालवायची असं ठरलं होतं, किरिबातीसुद्धा त्यात होती. जे वीस वर्षं आधी व्हायला हवं होतं ते.

मान्यतेचा सौदा विमानासाठी झाला असं मी म्हणणार नाही, पण ज्या देशाकडे विकायला फॉस्फेट उरलं नाही त्याच्याकडे संयुक्त राष्ट्रांतलं एक मत उरतं, हे सगळ्यांनाच दिसत होतं. जानेवारी २०२४ मध्ये ते पुन्हा चीनकडे गेले.

---

रानवारा_सांगली

आणि आता? चालू आहे का बंद?

---

दूरगामी (धागाकर्ता)

चालू आहे. २०१४ ला नाव बदलून नाउरू एअरलाइन्स झालं, मुख्य तळ ब्रिस्बेनला, सगळी ७३७ च, मालवाहू पण आहे. ब्रिस्बेन-नाउरू साधारण साडेचार तास, पुढे तारावा, माजुरो, पोनपेईकडे. म्हणजे जुन्या नकाशाचा मधला तुकडा परत जिवंत झालाय. उत्पन्नाचा मोठा भाग चार्टर आणि कार्गोचा, आणि त्यात ऑस्ट्रेलिया सरकारच्या कामाचा वाटा खूप. २००१ मध्ये आणि परत २०१२ पासून ऑस्ट्रेलियानं आश्रय मागणाऱ्यांना ठेवायची केंद्रं तिथे चालवली, त्यांची ये-जा, कर्मचारी, सामान, सगळं विमानानंच. मला याचं वाईट वाटतं, कारण एकदा फॉस्फेट या एकाच गिऱ्हाइकीवर एअरलाइन उभी होती आणि आता बऱ्याच अंशी कॅनबेराच्या एका खात्यावर. ते काम कमी झालं की विमानं किती ठेवायची हा प्रश्न परत उभा राहणार.

---

विमानदुरुस्त

यावेळी पर्याय थोडा बरा आहे. सगळा ताफा एकाच जातीचा, ७३७ क्लासिक आणि त्यापुढची पिढी एनजी मिळून, पायलट आणि इंजिनिअर ब्रिस्बेनला सहज मिळतात, आणि जुनी विमानं पूर्ण पैसे देऊन घेतली तर हप्त्याचं टेन्शन नाही. काम कमी झालं तर एखादं उभं करून पार्ट्सना वापरता येतं. ७२७, ७३७ आणि एफ-२८ एकत्र पाळण्याइतकं महाग प्रकरण नाही हे.

---

ओवी_ऑकलंड

किरिबातीनं पण २०१९ च्या डिसेंबरमध्ये नवंकोरं एम्ब्रेअर ई-१९०-ई२ घेतलं, माझा नवरा तेव्हाचे फोटो दाखवत होता. सव्वा लाख लोकांचा देश, आणि ३३ बेटं इतकी लांब पसरलेली की पूर्वेकडच्या किरितिमातीला जायला लोकांना फिजीवरून वळसा पडायचा, त्यासाठी घेतलं. त्याची पण हीच चर्चा होईल का?

---

दूरगामी (धागाकर्ता)

होईल, आणि व्हायला पाहिजे. ओवी, त्यावर वेगळा धागा तुम्हीच काढा, तारावाला राहिलेलं माणूस घरात आहे तर त्यांच्याकडूनच ऐकायला आवडेल. मी किरितिमातीच्या रनवेबद्दल आणि मार्गाच्या परवान्यांबद्दल जे जमवलंय ते तिथे टाकतो, आणि विमानदुरुस्त यांनी ई-२ च्या इंजिनांवर लिहावं.